ज्यूडच्या दंडावरचा दोरा

मंगळवार, ७ मे १९९१

व्हर्लिन बाळा,

सगळ्यांच्या आधी टपकली ती एल्डा. तिला कुणी बोलावलं नव्हतं. टेक्ससच्या नंबरची पांढरी गाडी पेट्रोल पंपावर आपलं घर विचारताना तिने पाहिली आणि ती गाडी रस्त्याने येईपर्यंत ही बाई भातखाचराच्या बांधावरून, बटाट्याच्या सॅलडचं भांडं पोटाशी धरून, माझ्या मागच्या दारात हजर.

"कोण गेलं का गं, ओडिल?"

"कुणी गेलं नाही. बॉलवाले येतायत. ज्यूडला बघायला."

"मग मी थांबतेच," म्हणाली, आणि माझाच एप्रन बांधून घेतला. सॅलडमध्ये मोहरी नेहमीसारखीच जास्त. पण बॉलवाल्यांतल्या पोरगेल्या माणसाने ते दोनदा घेतलं, त्यामुळे आता वर्षभर तिचं तेच ऐकायचं.

बेसबॉलच्या मोठ्या संघासाठी पोरं हेरणारे हे बॉलवाले दोघे होते. एक म्हातारे मि. हॉलोवे, गुडघ्याने अधू, आणि एक पिकन्स नावाचा, ज्याच्या शर्टाची घडी अजून मोडली नव्हती. तुझ्या ज्यूडचं कॉलेजातलं हे तिसरं वर्ष, म्हणजे जूनमध्ये मोठे संघ पोरं निवडून त्यांची नावं पुकारतील तेव्हा त्याचंही पुकारता येतं. तुला मी हे काय सांगू, तू त्यातून गेलेला आहेस. पण तुझ्या वेळी कुणी घरी आलं नव्हतं रे. तुला नुसता फोन आला होता, आणि तुझा बाप तेव्हा ट्रॅक्टरखाली आडवा पडलेला होता, तो तिथूनच ओरडला होता, "कोणी का असेना, म्हणावं नंतर कर!" ते आठवलं की मला अजून हसू येतं.

तर मी खाचरातले क्रॉफिश नांग्यांसकट उकडायला घातले होते. एवढा मोठा हंडा, मका, बटाटे, सॉसेज, सगळं अंगणात. मंडळी बघून मला इतका आनंद झाला की मी मीठ दोनदा टाकलं. कुणी काही बोललं नाही, पाणी मात्र सगळे फार प्याले. म्हाताऱ्यांनी ज्यूडचा पंजा हातात घेऊन बोटं लांब करून पाहिली, घोडा घेताना दात बघतात तशी. मग माझ्या पायांकडे पाहिलं.

"मिस ओडिल, तुमची पावलं मोठी आहेत," म्हणाले.

"माझ्या नवऱ्याने हे बोलायला दहा वर्षं लावली होती," मी म्हटलं. एल्डाला ठसका लागला.

ते म्हणाले की घरातल्यांची हाडं पाहिली की पोरगा अजून किती भरेल ते कळतं. मग विचारलं, बाप कुठे असतो? मी सांगितलं, तेलाच्या विहिरीवर, कामातून सुट्टी मिळत नाही. वायोमिंग म्हटलं नाही. त्यांना वाटलं असेल इथेच आखातातल्या विहिरीवर असशील, पंधरा दिवसांनी घरी येत असशील. वाटू दे.

आणि ऐक. ते तुला ओळखतात! म्हणजे त्यांनी तुला पाहिलंय, टेनेसीत, त्या उन्हाळ्यात. "उंच डावखुरा," म्हणाले. "त्याचा बॉल फलंदाजापुढच्या फळीपाशी येऊन एकदम खाली बसायचा. पोरगाही तसाच टाकतो. मिस ओडिल, त्याच्या हाताला नक्की काय झालं होतं?"

मी म्हटलं, मला ठाऊक नाही. ते काही खोटं नव्हतं. तू पेटी घेऊन परत आलास, पेटी पलंगाखाली सारलीस, आणि विषय संपला. मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस.

आता पुढचं. खाऊन झाल्यावर ज्यूड नळावर हात धुवायला गेला. बाह्या वर सरकवल्या. म्हाताऱ्यांची नजर त्याच्या डाव्या दंडावर.

"ते काय बांधलंय, बाळा?"

"काही नाही, सर."

काही नाही! माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "काही नाही कसं? ते नाँक थेओजेनचं काम! नाँक म्हणजे काका. माझ्या नवऱ्याचा चुलत भाऊ, या परगण्यात दुखणं उतरवणारा त्याच्यासारखा नाही. दोऱ्याला गाठी मारतो, प्रत्येक गाठीला प्रार्थना म्हणतो. लेंटच्या उपासांत पोराचं कोपर असं धरलं होतं की जेवताना काटा उचलवत नव्हता, करंगळी बधिर. आणि आता बघा! एक सामना चुकवला नाही त्याने."

एल्डा लगेच म्हणाली, "माझी नागीण त्याने तीन दिवसांत घालवली. कमरेवर होती. दाखवली असती."

ज्यूडने माझ्याकडे पाहिलं. पिकन्स खिशातून पेन काढत होता, तो तसाच थांबला. मि. हॉलोवेंनी हातातला मका खाली ठेवला, अगदी हळू, जणू मका झोपलाय. मग म्हणाले, "फार छान जेवण झालं, मिस ओडिल." गाडीपर्यंत गेले, परत आले, ज्यूडच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलले. बरोबर न्यायला मी भात आणि सॉसेज बांधून दिलं, ते घेतलं त्यांनी.

मला वाटतं, चांगलं झालं. एल्डाही म्हणते चांगलं झालं. ज्यूड लगोलग कॉलेजला परत गेला, पण त्याला सकाळी लवकर उठायचं असतं.

तुझी आई

शुक्रवार, १७ मे १९९१

व्हर्लिन,

चांगलं झालं नाही.

बुधवारी ज्यूड आला. गाडी अंगणात शिरली तीच कोंबड्यांच्या अंगावर. दार आपटून आत आला आणि ओट्यापाशी उभा राहून म्हणाला, "मॉमॉ, तू त्यांना सांगितलंस की माझं कोपर बिघडलंय."

"मी सांगितलं की बरं झालंय."

"ती माणसं तसं ऐकत नाहीत! त्यांना दोरा म्हणजे काय ते कळतच नाही! त्यांनी एवढंच ऐकलं, की बॉल टाकणारा पिचर आहे आणि काटा उचलता येत नाही."

म्हणाला, त्या संघाला आता त्याच्या कोपराचा आतला फोटो हवाय, तो नळकांड्यात घालून काढतात तो. आणि ही माणसं कुंपणामागे एकमेकांशेजारी बसतात, वेग मोजायची ती पिस्तुलं मांडीवर घेऊन, त्यामुळे एकाला कळलं ते सगळ्यांना कळलं. ते दोघे आपल्याकडे येण्याआधीच्या शुक्रवारी पिस्तुलंवाले दहा-बारा होते. गेल्या शुक्रवारी दोन. त्यातला एक दुसऱ्याच पोरासाठी आला होता.

"फोटो काढ मग," मी म्हटलं. "बरं झालंय ना?"

त्याने फळीवरची कांदा चिरायची सुरी घेतली आणि दंडावरचा दोरा कापला. कापला, व्हर्लिन. तो आपोआप झिजून गळायला हवा, तुला माहीत आहे. सिंकमध्ये पडला. मी उचलून घेतला, पण आता त्याचा उपयोग नाही.

म्हणाला, "पुढच्या शनिवारी स्पर्धेत मीच टाकणार आहे. सगळे डाव. बघू दे त्यांना किती बिघडलंय ते."

मी त्याला कॉफी दिली. राग असला तरी कॉफी घेतो, आजोबावर गेलाय. साखर ढवळली ती उजव्या हाताने. कप उचलला तोही उजव्या हाताने. डावा हात मांडीवर, टेबलाखाली, एखादं पाहुणं मांजर बसावं तसा. मी बघतेय हे त्याने पाहिलं आणि कप अर्धा ठेवून उठला.

काल मी नाँक थेओजेनकडे गेले. तो आता फार थकलाय, दात लावत नाही, त्यामुळे अर्धं कळत नाही. मी दोरा दाखवला, झालं ते सांगितलं. तो म्हणाला, "ओडिल, मी पोराचं दुखणं घेतलं होतं. बॉल घेतला नव्हता. बॉल त्याने रोज टाकला."

"मग परत बांध."

"त्याने मागितलं तर बांधीन. त्याने. तू नाही."

ते तर खरंच. ज्याचं दुखणं त्यानेच मागावं लागतं. आणि हा मागणार नाही.

आता मला जे म्हणायचंय ते म्हणते. तू म्हणाला होतास, या पोराच्या हातात बॉल दिसता कामा नये. मी दिसू दिला. त्याची आई ह्यूस्टनला तिच्या नव्या संसारात, तू तुझ्या विहिरीवर, आणि हा दिवसभर कोठाराच्या पत्र्यावर दगड मारत बसायचा. दगडापेक्षा बॉल बरा, असं मला वाटलं, अजूनही वाटतं. त्यावरून तू फोन ठेवलास तो ठेवलासच. मी चुकले असं मी म्हणणार नाही, तेव्हा त्याची वाट बघू नकोस. तो टाकतो ना बाळा, तेव्हा बघणाऱ्यांची बोलणी बंद होतात. तू पाहायला हवं होतंस. फादरसुद्धा एकदा प्रवचन आवरतं घेऊन सामन्याला गेले.

पण त्याच्या हातात काय चाललंय हे मला कळत नाही. कोचला तो सांगत नाही. डॉक्टरला सांगत नाही. ते फक्त एका माणसाला कळेल. मला उत्तर लिहू नकोस हवं तर. माझी पत्रं परत येत नाहीत, म्हणजे घेतोस एवढं मला पुरतं. त्याला फोन कर. तो रविवारी-सोमवारी माझ्याकडे असतो. मी फोन उचलणार नाही.

आई

मंगळवार, २८ मे १९९१

व्हर्लिन,

गेल्या आठवड्यात सोमवारी फोन वाजला तेव्हा मी शेंगा सोलत होते. सोलतच राहिले. ज्यूडने उचलला. आधी "हॅलो" म्हणाला, मग ऐकत राहिला. माझ्याकडे पाठ करून उभा होता, तार बोटाला गुंडाळत. मग म्हणाला, "हो, सर." मग, "नाही, सर. उजव्या." शेवटी काहीतरी पुटपुटला, ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून बाहेर गेला आणि अंधार पडेपर्यंत तुझ्या बापाच्या जुन्या नांगरावर बसून राहिला. कुत्रं त्याच्या पायाशी.

मी विचारलं नाही. मला वाटलं, विचारलं तर सांडेल.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन त्याने कोचला सांगितलं. सगळं. शनिवारच्या सामन्याला मी आणि एल्डा गेलो, तिने भली मोठी हॅट घातली होती, मागच्या रांगेतले लोक कुरकुरत होते. ज्यूड बाकावर बसला होता, एवढ्या उन्हात अंगात जाकीट. बॉल टाकायला दुसरं पोर. चांगलं होतं बिचारं, पण सहाव्या डावात त्याचे बॉल लांब लांब जायला लागले आणि मग थांबलेच नाहीत. कुंपणामागे म्हातारे हॉलोवे होते. मांडीवर पिस्तूल नव्हतं. ते मैदानाकडे बघतच नव्हते, बाकाकडे बघत होते.

हरलो. म्हणजे कॉलेजचं वर्ष तिथेच संपलं. पोरं टोप्यांनी डोळे पुसत होती. माझ्यापुढे एक बाई आपल्या ज्यूडबद्दल म्हणाली, "तो ट्राहानचा पोरगा टाकता तर जिंकलो असतो, पण आयत्या वेळी घाबरला." एल्डा म्हणाली, "तुमचा पोरगा कुठला, नववा फलंदाज का? तरीच." मी तिला ओढून नेलं. पण सांगते, बरं वाटलं.

गाडीत ज्यूड मागे बसला होता, लहानपणी बसायचा तसा. तांदळाच्या गिरणीपाशी आल्यावर आपण होऊन म्हणाला, "त्याने फोनवर विचारलं, दात कोणत्या हाताने घासतोस."

एल्डासुद्धा बोलली नाही, यावरून काय ते समज.

"म्हणाला, मी उजव्याने घासायला लागलो तेव्हा कुणाला सांगितलं नाही. दोन महिने टाकत राहिलो. मग एका संध्याकाळी दंडात दोरी तुटल्यासारखा आवाज आला, तो पहिल्या रांगेतल्या माणसाने ऐकला. म्हणाला, आजही उजव्यानेच घासतो."

इतकी वर्षं, व्हर्लिन. माझ्या घरात तू त्यानंतर दोन वर्षं राहिलास. त्याच बेसिनपाशी. मी रोज सकाळी तुझ्या मागून जात होते, टॉवेल ठेवायला.

फोटो उद्या काढणार आहेत.

आई

सोमवार, १० जून १९९१

व्हर्लिन,

कोपरातली ती पट्टी, हाडाला हाड बांधणारी, अर्ध्याहून जास्त फाटलीये. डॉक्टर म्हणाले, त्या शनिवारी सगळे डाव टाकले असते तर उरलेलीही गेली असती, शिवाय करंगळीकडची नसही. आता त्याच्या उजव्या मनगटातली स्नायूची एक दोरी काढून डाव्या कोपरात ओवणार आहेत. अशी ओवून घेतल्यावर पुन्हा बॉल टाकायला लागलेली माणसं आहेत म्हणे. न लागलेलीही आहेत. वर्षभर सामना नाही. अलाबामाला नेणार.

नावं पुकारायचे दिवस आले आणि ज्यूड व्हरांड्यात फोनची तार दारातून ओढून बसला. पहिल्या दिवशी फोन आला तो एल्डाचा, काही आलं का विचारायला. दुसऱ्या दिवशी फोन आला तो एल्डाचा. ज्यूड म्हणाला, "मिस एल्डा, तुम्ही फोन केलात की दुसऱ्या कुणाला लागत नाही." ती रडली. मग तो तिच्याकडे जाऊन तिचं गटार साफ करून आला, एका हाताने.

त्याच्याबरोबर खेळलेल्या एकाचं नाव पहिल्याच दिवशी पुकारलं. ज्यूडने त्याला फोन करून अभिनंदन केलं, आवाज सरळ ठेवून. मी आत भांडी घासत होते, घासलेलीच परत घासत होते.

तिसऱ्या दिवशी मि. हॉलोवेंचा फोन आला. त्यांनी मला मागितलं. म्हणाले, "मिस ओडिल, आम्ही त्याला घेतलंय. यादीत फार खाली, जिथे पोहोचेपर्यंत लोक घरी जेवायला गेलेले असतात. वरचे सगळे नको म्हणत होते. मी म्हटलं, हाच एक पोरगा आहे ज्याचा हात खरा कसा आहे ते आपल्याला ठाऊक आहे. तुम्ही बोलला नसतात तर मी त्याला वर घेतलं असतं आणि ऑगस्टपर्यंत मोडून ठेवलं असतं. असे मी मोडलेत. तुमचा एक त्यातला होता का ते मी विचारणार नाही."

मी फोन ज्यूडला दिला. तो "हो, सर" म्हणाला. हल्ली हे त्याला फार येतं.

हात जुळला तर त्यांच्याकडे जाईल, नाहीतर कॉलेजचं चौथं वर्ष. नाहीच जुळला तर काय, ते या घरात कुणी बोलत नाही.

शस्त्रक्रिया पंचवीस तारखेला, मंगळवारी.

आई

सोमवार, २९ जुलै १९९१

व्हर्लिन बाळा,

शनिवारी पुन्हा सगळ्यांच्या आधी एल्डाच आली, तेच भांडं, तीच मोहरी. तिच्यामागून मि. हॉलोवे आणि तो पिकन्स, ज्याच्या शर्टाला आता सुरकुत्या पडल्यात. क्रॉफिशचा हंगाम संपला म्हणून मी भाताबरोबर कोंबडीचा दाट गंबो केला. या वेळी मीठ एकदाच.

ज्यूडच्या कोपरावरची चीर लांब आहे, झिप लावल्यासारखी. म्हाताऱ्यांनी ती पाहिली आणि हात दुमडून उघडून बघितला. मग पिकन्सला म्हणाले, "करंगळीला चिमटा काढ." त्याने काढला. ज्यूड केवढ्याने ओरडला! मी इतकी हसले की मला खुर्चीत बसावं लागलं. एल्डा म्हणाली, "अगं, पोराला दुखलं आणि तू हसतेस?" हो, हसते. लेंटपासून त्या बोटाला काही कळत नव्हतं.

अजून बॉल हातात नाही. मऊ गोळा दाबत बसतो. सकाळी मी टॉवेल ठेवायला जाते तेव्हा बघते. गेल्या आठवड्यापासून ब्रश डाव्या हातात आहे. वाकडंतिकडं घासतो, अर्धी पेस्ट हनुवटीवर.

आता एक गोष्ट सांगायची राहिलीये, ती अलाबामाची. ज्यूडला आत नेऊन आणलं, तो झोपलेला होता, तेव्हा मी खाली कॅन्टीनमध्ये गेले. तिथली कॉफी पिण्याजोगी नाही, तरी दोन कप प्याले, कारण वर जाऊन त्याच्या हाताकडे बघायची हिंमत होत नव्हती. वर आले तेव्हा नर्स म्हणाली, "तुमची थोडक्यात चुकामूक झाली. एक उंच गृहस्थ बसले होते. बोलले काहीच नाहीत. भूल उतरेल एवढ्यात असं मी म्हटलं, तर उठून गेले."

मी खुर्चीवर हात ठेवला. गरम होती.

मग पांघरूण सरळ करायला गेले तर ज्यूडच्या डाव्या पायाच्या घोट्याला दोरा. बुटाच्या नाडीतला सोललेला धागा, तपकिरी. नऊ गाठी. मी प्रत्येक गाठ चाचपून पाहिली. नाँक थेओजेन शेवटची गाठ उलटी मारतो, त्याच्या बापासारखी. ही सरळ होती. तुझा बाप सरळ मारायचा, आणि त्याने ती विद्या एकाच पोराला दिली होती, ज्याला ती नको होती.

आणि ज्याचं दुखणं त्यानेच मागावं लागतं. म्हणजे फोनवर माझ्या पाठमोऱ्या पोराने आणखीही काही मागितलं असणार. मी त्याला विचारलेलं नाही. तो दोरा अजून घोट्यावर आहे, आंघोळीत जपतो, एक पदर सुटलाय, गळेल त्याचा तो.

तू नाक मुरडायचास त्याला, म्हणायचास, आई आणि तिचे दोरे. जाऊ दे. दोऱ्याचे आभार मानायचे नसतात, मानले की गुण जातो, हे तुझ्या बापाने तुला शिकवलं असेलच. म्हणून मी काहीही म्हणत नाहीये. हे पत्र तू वाचून झाल्यावरही मी काही म्हटलेलं नाही, असंच समज.

मि. हॉलोवेंनी निघताना उरलेला गंबो बरोबर घेतला. डॉक्टर हो म्हणाले तर कागद घेऊन येतो म्हणाले, आणि ज्यूडच्या हातात त्या दिवशी पहिला बॉल देऊ, अंगणातच, दहा पावलांवरून, हळू. कुणीतरी समोर झेलायला लागेल, म्हणाले, माझे गुडघे चालत नाहीत आणि पिकन्सला झेलता येत नाही. पिकन्सने मान डोलावली. मग गाडीची काच खाली करून म्हाताऱ्यांनी पुन्हा सांगितलं, म्हणजे मी विसरू नये म्हणून. अठरा ऑगस्ट, रविवार, चर्च सुटल्यावर.